दावा की अपील? बारामती-इंदापुरातील शेतरस्ते आणि निवडीचा कायदा

शेतात जायला रस्ता नाही म्हणून तहसील कचेरीची पायरी चढणारा माणूस पहिल्याच दिवशी एक मोठी निवड करून बसतो. आपण ती केली हे मात्र त्याला कळते दोन-तीन वर्षांनी, वरच्या कचेरीत किंवा कोर्टात समोरचा वकील उठून ‘हा मार्ग यांना आता खुला नाही’ असे म्हणतो तेव्हा. एका तक्रारीवर कायद्याने दोन उपाय दिले असतील, तर ते दोन्ही वापरता येतात की एकच? एक वापरला की दुसरा संपतो का? संपत असेल तर कोणत्या क्षणी? शेतरस्त्यांच्या खटल्यांत हे प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत जातात. त्यांची उत्तरे पुस्तकात बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. गावात मात्र ती कुणी सांगत नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत हा प्रश्न इतका तापलेला का, हे समजायला इथली जमीन पाहावी लागते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे आले आणि जिराईत माळाचे बागायतीत रूपांतर सुरू झाले. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी असे सहकारी कारखाने उभे राहिले. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचे फुगवट्याचे पाणी आले. पाणी आले तसा एकेका गुंठ्याला भाव आला. तीन पिढ्यांत वाटण्या होऊन आठ एकरांच्या गटाचे सहा तुकडे झाले. वाटणीपत्रात विहिरीतल्या पाण्याचे वार लिहिले गेले, आंब्याच्या झाडाचे हिस्से लिहिले गेले, रस्ता मात्र लिहायचा राहिला. भाऊ-भाऊ होते, बोलणे-चालणे होते, तोवर रस्ता लिहून घ्यायची गरजही कुणाला वाटली नाही. एकाने आपला तुकडा बाहेरच्या माणसाला विकला किंवा चुलत्या-पुतण्यात बिनसले, की दुसऱ्या दिवशी बांधावर काटेरी तारेचे कुंपण उभे.

उसाला हे परवडत नाही. तोड आली, टोळी फडात उतरली आणि ट्रॅक्टर-ट्रॉली शेतापर्यंत येत नसेल, तर मोळ्या डोक्यावरून दोन-तीन शेते ओलांडून न्याव्या लागतात. टोळी जादा पैसे मागते, नाहीतर दुसऱ्या फडाकडे निघून जाते. पाळी चुकलेल्या उसाला तुरा येतो, वजन घटते, आणि खोडव्याचा हंगामही मागे पडतो. रस्त्याच्या वादात सहा महिने गेले म्हणजे शेतकऱ्याचे एक पीक गेले. त्यामुळे कोणता उपाय निवडायचा याचा विचार तो कायद्याच्या अंगाने करत नाही. जी कचेरी जवळ आहे आणि जो कागद लवकर हलेल असे वाटते, तिकडे तो जातो.

त्याच्यासमोर उपाय तीन. पहिला, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधले कलम ५. ब्रिटिश काळातला हा छोटासा कायदा अजून जिवंत आहे आणि ग्रामीण महाराष्ट्रात रोज वापरला जातो. वापरात असलेल्या रस्त्याला किंवा वहिवाटीच्या वाटेला कुणी अडथळा केला, तर तहसीलदार मामलेदार न्यायालय म्हणून बसतात आणि मनाई हुकूम देऊ शकतात. अट एकच, पण कडक: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आला पाहिजे. दुसरा उपाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम १४३ चा. रस्ता मुळात नाही, तो दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, मिळावा अशी ही मागणी. इथे तहसीलदारांनी पाहायचे असते ते शेतात वाजवी प्रवेश मिळण्याच्या शेतकऱ्याच्या गरजेकडे. तिसरा उपाय दिवाणी न्यायालयाचा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली गरजेचा मार्ग किंवा वीस वर्षांच्या उघड, शांत आणि अखंड वापरातून पिकलेला हक्क तिथे मागता येतो.

कचेरीत दाखल होणारे अर्ज पाहिले की पहिला घोटाळा शीर्षकातच सापडतो. ‘कलम १४३ व मामलेदार कोर्ट ॲक्ट कलम ५ अन्वये अर्ज’ असे एकाच कागदावर छापलेले असते. अर्ज लिहून देणाऱ्याला वाटते, दोन्ही कलमे टाकलेली बरी, एक नाही तर दुसरे लागेल. पण त्या दोन कलमांखाली सांगायच्या हकिकती एकमेकींना छेद देतात. कलम ५ खाली सांगावे लागते की रस्ता आहे, मी आणि माझे वाडवडील तो वापरत आलो, आणि अमुक तारखेला समोरच्याने तो अडवला. कलम १४३ खाली सांगावे लागते की मला रस्ता नाही, तो द्या. एकाच अर्जात ‘रस्ता आहे’ आणि ‘रस्ता नाही’ असे दोन्ही सांगितले की समोरच्या वकिलाचे काम अर्धे झालेच. मंडल अधिकारी स्थळ पाहणीला येतात, पंचनाम्यात ‘जुनी गाडीवाट दिसून येते’ असे लिहितात आणि तहसीलदार आदेश मात्र कलम १४३ खाली नव्या रस्त्याचा देतात. असा आदेश अपिलात टिकवणे फार कठीण. ‘पर्यायी मागणी’ असे स्पष्ट लिहून दोन्ही म्हणणी मांडता येतात, पण त्यासाठी प्रत्येक मागणीची हकिकत वेगळी आणि नेमकी लिहावी लागते. छापील नमुन्यात तेवढी जागाच नसते.

बांधाचा मुद्दाही असाच. कलम १४३ चे शब्द हद्दीवरून जाण्याबद्दल आहेत, शेताच्या पोटातून जाण्याबद्दल नाहीत. ज्याच्या बांधावरून वाट जाते त्याचे कमीत कमी नुकसान व्हावे आणि शक्य तर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांकडून निम्मी-निम्मी जमीन जावी, असा त्यामागचा विचार. जवळचा म्हणून उभ्या उसातून आडवा रस्ता काढून दिला, तर तो आदेश कलमाच्या बाहेर जातो. बांधावरून वळसा पडतो, अंतर वाढते, हे खरे. पण कायद्याने दिलेला अधिकार तेवढाच आहे. पोटातून जाणारी जुनी वाट असेल, तर तिची जागा कलम ५ खाली किंवा दिवाणी दाव्यात.

दोन्ही कलमांतला सर्वांत मोठा फरक मात्र आदेश झाल्यानंतरचा आहे. पुढची निवड याच फरकात दडलेली आहे.

मामलेदार न्यायालयाचा आदेश स्वभावतःच तात्पुरता असतो. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा होईपर्यंत तो चालतो. त्यावर अपील नाही, फक्त जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे पुनरीक्षण आहे. प्रकरण दिवाणी न्यायालयातच चालवणे अधिक योग्य आहे असे वाटले, तर कारणे नोंदवून नकार देण्याची मुभाही तहसीलदारांना आहे. म्हणजे कलम ५ आणि दिवाणी दावा हे एकमेकांचे शत्रू नाहीत, एकामागून एक येणारे टप्पे आहेत. आज मनाई हुकूम घ्या, ऊस कारखान्याला घाला आणि हक्काचा प्रश्न कोर्टात निवांत लढवा.

कलम १४३ ची रचना निराळी. पोटकलम ३ म्हणते, तहसीलदारांचा निर्णय पुढच्या दोन पोटकलमांच्या अधीन राहून अंतिम. पोटकलम ४ म्हणते, निर्णयाने दुखावलेल्या व्यक्तीने निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत तो रद्द किंवा बदलून घेण्यासाठी दिवाणी दावा लावावा. पोटकलम ५ म्हणते, असा दावा लागला की त्या निर्णयावर अपील किंवा पुनरीक्षण चालणार नाही. ही शेवटची ओळ म्हणजे निवडीचा कायदा थेट कलमात लिहून ठेवणे. दावा नसेल तर संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, अपील, मुदत साठ दिवस. दावा लागला तर अपिलाचे दार बंद.

इथपर्यंत सगळे सरळ वाटते. आता बारामतीच्या प्रांत कचेरीत प्रत्यक्ष काय होते ते पाहू. तहसीलदारांचा निर्णय विरुद्ध गेला की माणूस आधी अपील करतो. साठ दिवसांची मुदत जवळची, खर्च कमी, कचेरी ओळखीची. अपील चालते, तारखा पडतात, अधिकाऱ्यांची बदली होते, निवडणुकीचे काम येते. दीड वर्षाने अपील फेटाळले जाते. मग त्याला दिवाणी दाव्याची आठवण होते. पण कलमातले एक वर्ष मोजायचे आहे तहसीलदारांच्या निर्णयापासून, प्रांतांच्या निर्णयापासून नव्हे. कलम वाचून मला तरी दुसरा अर्थ दिसत नाही.

मुदतीच्या कायद्यातले कलम १४ इथे मदतीला येईल असे अनेकांना वाटते. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ त्या कलमाने वगळता येतो, आणि या तत्त्वाचा लाभ न्यायालयासारखे काम करणाऱ्या इतर प्राधिकरणांपुढे गेलेल्या वेळेलाही मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एम. पी. स्टील कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सांगितले आहे. पण ते कलम आहे अधिकारक्षेत्र नसलेल्या ठिकाणी वाया गेलेल्या वेळेसाठी. प्रांतांना अपील ऐकण्याचा अधिकार होता, त्यांनी ते ऐकले आणि गुणवत्तेवर फेटाळले. ही चुकीच्या दारात उभे राहण्याची गोष्ट नाही. बरोबर दारात उभे राहून हरण्याची आहे, आणि त्या हरण्याला कलम १४ चा आधार देणे अवघड.

याहून बोचणारा एक प्रसंग कल्पून पाहा. तहसीलदारांनी अर्जदाराला रस्ता दिला, पण मागितला त्यापेक्षा अरुंद. म्हणजे निर्णयाने दोघेही नाराज. ज्याच्या बांधावरून रस्ता जातो तो अपिलात गेला. अर्जदाराने रुंदी वाढवून मिळावी म्हणून दिवाणी दावा लावला. पोटकलम ५ ‘कुणी दावा लावला’ हे विचारत नाही, फक्त ‘दावा लागला का’ एवढेच पाहते. मग एकाच्या निवडीने दुसऱ्याचे अपील अडते. ज्याचे अपील अडले त्याने हातावर हात ठेवून बसू नये. त्या दाव्यात प्रतिवादी म्हणून हजर होऊन प्रतिदावा घालावा आणि तोही स्वतःच्या एका वर्षाच्या आत. हे त्याला सांगणारे मात्र कुणी नसते.

निवडीचे हे तत्त्व महसूल कायद्यापुरते नाही. एकाच वेळी दोन डगरींवर हात ठेवता येत नाही, ही न्यायालयांची जुनी भूमिका आहे. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या प्रकरणात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेली मांडणी आजही पाया मानली जाते. कामगाराचा हक्क सामान्य कायद्यातून आला असेल, तर दिवाणी न्यायालय की औद्योगिक यंत्रणा हे त्याने निवडावे. हक्कच औद्योगिक विवाद कायद्याने जन्माला घातला असेल, तर उपायही त्याच कायद्यातला. पुढे २००६ मध्ये ट्रान्सकोअरच्या प्रकरणात न्यायालयाने निवडीचे तत्त्व लागू होण्याच्या तीन गोष्टी सांगितल्या: उपाय दोन किंवा अधिक असले पाहिजेत, ते एकमेकांशी विसंगत असले पाहिजेत, आणि त्यांतला एक निवडलेला असला पाहिजे. यातली मधली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत विसरली जाणारी. दोन उपाय विसंगत नसतील, एकाने दुसऱ्याला पूरक म्हणून काम केले असेल, तर ‘तू आधीच एक निवडलास’ असे म्हणून माणसाला हाकलता येत नाही. कलम ५ चा मनाई हुकूम आणि वीस वर्षांच्या वहिवाटीचा दावा हे असेच पूरक. तहसीलदारांकडे जाऊन आला म्हणून दिवाणी न्यायालयाने दार लावायचे कारण नाही.

आपल्या राज्याचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित श्रम प्रथा प्रतिबंध कायदा याबाबत फार काटेकोर आहे. त्याच्या कलम ५९ नुसार या कायद्याखाली तक्रार सुरू केली की त्याच विषयावर, २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याखाली जाता येत नसे, आणि तिकडे गेल्यास इकडे येता येत नसे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांना याची झळ थेट बसते. पुण्याच्या कल्याणी स्टील्सच्या आणि सिप्लाच्या प्रकरणांत २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालक-कामगार नातेच वादात असेल, तर या १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालणार नाही, आधी ते नाते योग्य मंचावर सिद्ध करा. कायद्याच्या तर्काने निकाल समजतो. पण कंत्राटदाराच्या यादीत नाव असलेल्या कामगाराला आपल्या मालकाचे नावच लढून सिद्ध करावे लागते, आणि तोवर तक्रारीत गेलेली वर्षे परत येत नाहीत.

ऊसतोड कामगारांचे प्रकरण मला याहून जवळचे वाटते, कारण ते दर हंगामात याच रस्त्यांवर घडते. उसाने भरलेली ट्रॉली उलटते, वर बसलेला मजूर दगावतो. त्याच्या वारसांपुढे २०२५ पर्यंत दोन कायदे होते: कर्मचारी नुकसान भरपाई कायदा, १९२३ आणि मोटार वाहन कायदा, १९८८. मोटार वाहन कायद्याचे कलम १६७ स्पष्ट म्हणते, भरपाई दोहोंपैकी कोणत्याही एका कायद्याखाली मागा, दोन्हींखाली नाही. २००५ च्या अखेरीस नॅशनल इन्शुरन्स कंपनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याला निवडीचे तत्त्व लावले. एक रस्ता धरला की त्याच कायद्याच्या मर्यादांसकट तो चालायचा. १९२३ च्या कायद्यात चूक कुणाची हे सिद्ध करावे लागत नसे, पण रक्कम ठरावीक सूत्राने बसे. मोटार अपघात न्यायाधिकरणात रक्कम मोठी होऊ शकते, पण बहुधा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. बीड किंवा अहिल्यानगरकडच्या गावाहून हंगामापुरत्या आलेल्या, हातात उचलीचे कर्ज असलेल्या बाईने नवऱ्याचा अंत्यविधी उरकून हा हिशेब मांडायचा असे. मुकादम जिकडे सांगेल तिकडे अंगठा उठे. हा कायद्याच्या भाषेत ‘निवडीचा अधिकार वापरला’ असा प्रसंग. मला यात निवड कुठेच दिसत नाही.

उच्च न्यायालयाची भूमिका समजून घेताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. निवडीचे तत्त्व एक, आणि ‘पर्यायी उपाय असताना रिट याचिका नको’ हा नियम वेगळा. दुसऱ्याबद्दल १९९८ च्या व्हर्लपूल निकालात, जो मुंबईच्या ट्रेडमार्क निबंधकांच्या कार्यवाहीतूनच निघाला होता, सर्वोच्च न्यायालयाने अपवाद सांगितले: मूलभूत हक्कांचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारक्षेत्राचा पूर्ण अभाव किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. शेतरस्त्याच्या प्रकरणात बहुधा लागू होतो तो नैसर्गिक न्यायाचा अपवाद. स्थळ पाहणीची नोटीसच दिली नाही, लगतच्या गटधारकाला पक्षकारच केले नाही, हे दोष तहसील पातळीवर वरचेवर घडतात. याखेरीज रस्ता किती फुटांचा आणि कुणाच्या बांधावरून, हे प्रश्न घेऊन उच्च न्यायालयात गेलेल्याला दिवाणी दाव्याकडे बोट दाखवले जाणे साहजिक आहे. साक्षीपुरावा नोंदवायची जागा तीच.

अंतराचा प्रश्नही आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर हे जिल्हे तिकडे गेले. नीरा नदीच्या पलीकडच्या माळशिरसचा शेतकरी कोल्हापूरला जातो, अलीकडच्या इंदापूरच्या शेतकऱ्याला मुंबईच गाठावी लागते. चार-पाच गुंठ्यांच्या रस्त्यासाठी मुंबईच्या खेपा घालणे कुणाला परवडणार? म्हणून खालच्या पायरीवरची निवड अचूक होणे त्याच्यासाठी अधिक मोलाचे.

निवडीचे तत्त्व मला अन्यायाचे वाटत नाही. एकाच बांधावर प्रांत एक निर्णय देणार आणि दिवाणी न्यायाधीश दुसरा, तर शेतकऱ्याने कोणता हुकूम पाळायचा? ज्याच्याकडे पैसा आहे त्याने एका कचेरीत हरल्यावर दुसरीकडे नव्याने डाव मांडायचा, आणि गरीब शेजाऱ्याने प्रत्येक ठिकाणी वकील द्यायचा, हेही चालू देता येत नाही. पोटकलम ५ नेमके हे थांबवते, आणि थांबवायलाच हवे. पण निवड केली असे म्हणायला दोन्ही वाटा माणसाला माहीत असल्या पाहिजेत. समजून घेतलेला निर्णय आणि अज्ञानात पडलेले पाऊल यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. कलम १४३ खालच्या प्रत्येक आदेशाच्या शेवटी तहसीलदारांनी चार ओळी छापाव्यात: या निर्णयावर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील आहे, दिवाणी दाव्यासाठी आजपासून एक वर्ष आहे, हे वर्ष अपील चालू असले तरी थांबत नाही, आणि दावा लागल्यास अपील चालणार नाही. आदेशाची प्रत प्रत्येक पक्षकाराला हाती देऊन तारखेसह पोच घ्यावी. प्रांत कचेरीने अपील दाखल करून घेताना ‘याच निर्णयावर दिवाणी दावा लावला आहे का’ हा प्रश्न अर्जाच्या पहिल्या पानावर ठेवावा, आणि एक वर्ष संपायच्या आत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. कलम ५ आणि कलम १४३ यांचे अर्जाचे नमुने वेगळे असावेत. पहिल्यात अडथळ्याची तारीख विचारावी, दुसऱ्यात गटाच्या चतुःसीमा आणि बांधाचा नकाशा.

२२ मे २०२५ च्या शासन निर्णयाने एक पाऊल पुढे टाकले आहे. शेतरस्त्याची रुंदी तीन ते चार मीटर धरावी, कारण आता बैलगाडी नव्हे तर ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर शेतात जातात. अर्जावर ९० दिवसांत निर्णय व्हावा. आणि मंजूर रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी. ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जमीन विकत घेणाऱ्याला बांधावरचा रस्ता आता उताऱ्यावरच दिसेल, आणि ‘मला माहीत नव्हते’ म्हणून कुंपण घालण्याची सबब संपेल. मात्र अपील किंवा दावा चालू असताना घेतलेल्या नोंदीत ते तसे लिहिलेले असले पाहिजे. नाहीतर आदेश पुढे बदलला आणि सातबारा तसाच राहिला, तर त्या एका नोंदीवरून फेरफाराचा नवा वाद उभा राहील, आणि त्यासाठी पुन्हा तहसीलदार, पुन्हा प्रांत, पुन्हा तीच साठ दिवसांची मुदत.